वळसा कुणाला?

(ड्रोन : रस्त्यांची जाळी)

हे पोर्टलंड. एका ब्लॉकची, म्हणजे चार रस्त्यांमधल्या चौकोनाची, बाजू जेमतेम 200 फूट. आणि हे सॉल्ट लेक सिटी. तिथे तीच बाजू 660 फूट. दोन्ही शहरं अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकात आखलेली. वरून नुसती नक्षी वाटते, पण खाली उतरून चाला. पोर्टलंडमध्ये मिनिटा-मिनिटाला वळण मिळतं. सॉल्ट लेक सिटीत तीन मिनिटं चाललात की मग कुठे चौक येतो.

लोक कसे प्रवास करतात, हे कशावर ठरतं? रॉबर्ट सर्व्हेरो आणि कारा कॉकेलमन या वाहतुकीच्या अभ्यासकांनी 1997 मध्ये तीन गोष्टी मांडल्या : वस्ती किती दाट, घरं-दुकानं-कचेऱ्यांची सरमिसळ किती आणि रस्त्यांची रचना कशी. पहिल्या दोन कॅमेऱ्यात पकडणं अवघड. तिसरी समोरच आहे.

(ग्रोनिंगेन : सायकलींची रांग)

नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन. 1977 साली मॅक्स व्हॅन डेन बर्ग या तरुण राजकारण्याच्या पुढाकाराने शहराचा मध्यभाग चार तुकड्यांत वाटला गेला. मोटारीने एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात थेट जाता येत नाही. आधी बाहेर पडा, रिंगरोड धरा, फिरून पुन्हा आत शिरा. ही मोटार बघा, कशी निघाली वळसा घालायला. सायकलवाला मात्र नाकासमोर सरळ. मोटारींवर बंदी नव्हतीच, नुसता हेलपाटा वाढवला. दुकानदार चिडले, विरोध झाला, योजना टिकली. आज सायकलींच्या शहरांत ग्रोनिंगेनचं नाव वरचं.

(उपनगर : बंद गल्ली, कुंपण)

आणि इथे? इथे वळसा चालणाऱ्याच्या वाट्याला आलाय. गल्ली पुढे बंद. 1930च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने, फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशननेच अशा गल्ल्यांची शिफारस केली होती. भरधाव गाड्या घरांपुढून जाऊ नयेत, हा हेतू. हेतूत खोट नव्हती. पण पलीकडचा तो बसथांबा पाहा, हाक मारली तर ऐकू जाईल. रस्त्याने जायचं तर गल्लीच्या तोंडापर्यंत मागे, तिथून मोठा रस्ता, मग अख्ख्या वस्तीला फेरी. अशा ठिकाणी कुणी गाडीची किल्ली उचलली, तर त्याला आळशी कसं म्हणायचं?

(जवळून : तारा)

या तारा इथेच वाकलेल्या आहेत. खालचं गवत झिजून माती उघडी पडलीय. नकाशात ही वाट नाही. बाई आधी पिशवी पलीकडे ठेवते, मग पदर सावरावा तसा कोट सावरून वाकते.

बस आली.