लाउंजमधला पियानो

नमस्कार, श्रोतेहो.

भुसावळच्या उन्हाळ्यात माणसाचा चेहरा उतरतो आणि पियानोचा सूरही. आमच्या रेल्वे क्वार्टरशेजारी एक टीचरबाई राहायच्या, त्यांच्याकडे जुना उभा पियानो होता. एप्रिल लागला की बाई त्याची खालची फळी काढून आत पाण्याने भरलेला तांब्या ठेवायच्या. मला वाटायचं, नैवेद्य असेल! पुढे कळलं, तारांमागची पातळ लाकडी पाटी कोरड्या हवेत आकसते, तारांचा ताण कमी होतो आणि सूर खाली येतो. पावसाळ्यात पाटी फुगते, सूर चढतो. तांब्या त्या पाटीसाठी.

त्याच पियानोवर शिकलो आणि नंतर 24 वर्षं मुंबईतल्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये वाजवलं. लोक कॉकटेल घेत गप्पा मारतात, कोपऱ्यात मी.

अमळनेरच्या मावशीने एकदा सरळच विचारलं, ‘कोन्ही ऐकस नही, ते वाजाडस कसाले?’

मावशीचंही बरोबरच. आपल्याकडे लग्नाचा बँड शेजारच्या गावाला ऐकू गेला पाहिजे. लाउंजमध्ये उलटं: टेबलावरच्या दोघांना माझ्यामुळे आवाज चढवावा लागला, तर चूक माझी. ग्रँड पियानोत डावं पेडल दाबलं की तारांवर आपटणारे हातोडे जरा बाजूला सरकतात, एका सुराच्या तीनऐवजी दोनच तारांना लागतात आणि आवाज मऊ होतो. माझा डावा पाय तिथेच मुक्कामाला असायचा.

गाणं मात्र संपू द्यायचं नाही. शेवटच्या सुरातूनच पुढचं उचलायचं. थांबलात, तर टाळी वाजवावी की नाही या पेचात बिचारे पाहुणे पडतात. पंचेचाळीस मिनिटं वाजवा, पंधरा मिनिटं चहा. झाकणावर कुणी गार ग्लास ठेवला की पॉलिशवर पांढरं वर्तुळ उमटतं, म्हणून खिशात फडकं. आणि बक्षिसाच्या ग्लासात पहिली पन्नासची नोट माझीच असायची, रिकाम्या ग्लासात कोण टाकतो?

या धंद्यात मोठी माणसं होऊन गेली. अमेरिकेचा टेडी वेदरफोर्ड 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा, 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. मग 1949चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतली रात्र ओसरली आणि कितीतरी गोवेकर वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. तिकडे न्यूयॉर्कच्या कॅफे कार्लाइलमध्ये बॉबी शॉर्टने 1968पासून पस्तीसेक वर्षं एकच जागा धरली. मला हेवा वाटतो तो त्याचा. लोक त्याला ऐकायला म्हणून यायचे.

एका श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, रजा मिळाली नाही. घरी बायका गात असतील, मी इथे. मग तीच गाणी अगदी संथ करून, खाली विलायती स्वरमेळ लावून वाजवली. एकाही टेबलाची मान वळली नाही. बर्फाची बादली घेऊन चाललेला पारोळ्याचा पोरगा तेवढा पियानोपाशी थबकला. ‘दादा, हाई ते कानबाईनं गानं शे!’

उभाच राहिला. चार नंबरच्या टेबलावर बर्फाचं पाणी पोचलं आणि कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, त्याला सगळ्यांसमोर झापलं.

त्यानंतर ती चाल मी कॅप्टन जेवायला गेल्यावरच काढायचो.