पंधराचा वर्ग

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: केडगाव स्टेशन, सकाळची गाडी]

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी यवत, खुटबाव सोडते आणि केडगावला थांबते. नगरशेजारचं केडगाव वेगळं, हे दौंड तालुक्यातलं. इथं उतरणारे काही जण नारायण महाराजांच्या बेटाकडे दत्ताच्या दर्शनाला जातात. काहींना चौफुल्याच्या संगीतबाऱ्या खुणावतात. आणि काही जण रिक्षावाल्याला एवढंच सांगतात, "मुक्तीला सोडा."

मुक्ती म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. संस्कृतच्या पंडिता, विधवांसाठी शाळा काढणाऱ्या रमाबाई शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात भेटतात. केडगावच्या रमाबाई त्या परिच्छेदात मावत नाहीत.

[दृश्य: ओसरी, मोठी मुलगी लहानीची वेणी घालते आहे]

शाळेची वेळ झालीय. मोठीच्या मांडीशी लहानी पाठमोरी बसलीय. खोबरेल तेलाची बाटली पायाशी. कंगवा केसांत अडकतो, लहानी "आई गं" करते, मोठी डोक्यावर एक हलकी टपली देते आणि भांग सरळ काढून घेते. लाल रिबिनीचं टोक दातात धरून दुसरी वेणी सुरू. या दोघी सख्ख्या बहिणी नाहीत.

मार्काच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी एक प्रसंग आहे. घर माणसांनी भरलंय, येशू आत बसून शिकवतोय, आणि त्याची आई नि भाऊ बाहेर उभे राहून त्याला बोलावणं पाठवतात. तो सभोवार बसलेल्यांकडे बघतो आणि म्हणतो, जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करतो तोच माझा भाऊ, माझी बहीण आणि आई. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हे वचन लग्नात वाचतात, स्नेहभोजनाला वाचतात. मग एकमेकांना 'प्रभूमध्ये भाऊ', 'प्रभूमध्ये बहीण' म्हणून जय ख्रिस्त घालतात आणि चपला शोधायला लागतात. वचनातली अट मात्र इच्छेप्रमाणे करण्याची आहे. आणि 'देवाची इच्छा' तर आपण फार स्वस्त करून ठेवलीय. स्थळ जुळलं, देवाची इच्छा. व्हिसा आला, देवाची इच्छा. नाही आला, तरी तीच.

रमाबाईंना ती इतक्या सहज सापडली नाही. त्यांना आधी भांडावं लागलं.

[दृश्य: पुणे, पंचहौद मिशनचं चर्च, लाल विटा, उंच घंटाघर]

पंचहौद म्हटलं की मराठी माणसाला मिशनऱ्यांच्या हातचा तो गाजलेला चहाच आठवतो, टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेणारा. पण त्याच्या काही वर्षं आधी, १८८२ मध्ये, चोविशीतली एक विधवा लहान मुलीला घेऊन पुण्यात राहायला आली. आई, वडील आणि थोरली बहीण मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात गेलेली. भाऊ श्रीनिवास कलकत्त्यात वारला. नवरा बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोन वर्षांच्या आत कॉलऱ्याने गेला. उरली ती मनोरमा. पुण्यात काम करणाऱ्या अँग्लिकन जोगिणींशी, म्हणजे मठवासी ख्रिस्ती संन्यासिनींशी, इथं रमाबाईंची ओळख झाली. त्यांच्या मूळ मठात, इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, त्या १८८३ साली गेल्या. जायचं होतं डॉक्टर व्हायला. पण कानांनी साथ दिली नाही, बहिरेपण वाढत चाललं होतं. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथंच जीव दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

[दृश्य: पत्रांचं छापील पुस्तक, पानं उलटणारा हात]

वाँटेजला त्यांना सिस्टर जेराल्डीन भेटल्या. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी पत्रात, इंग्रज जोगिणीला, मराठी आजीबाई. रक्ताचं माणूस म्हणून फक्त मुलगी उरलेल्या बाईने स्वतःहून जोडलेलं हे नातं होतं. आणि याच आजीबाईंशी त्यांचं कडाक्याचं वाजलं.

भांडण कशावरून? कशाकशावरून नाही! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा त्रैक्याचा सिद्धांत पटल्याशिवाय हो म्हणणार नाही, इथून सुरुवात. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नकोत, इथपर्यंत. रमाबाई मांसमच्छी खात नव्हत्या, अंडंही नाही. त्यात मठातल्यांना जातीचा अहंकार दिसला. त्यावर रमाबाईंनी दिलेलं उत्तर झणझणीत आहे. माझा अहंकार तुम्हाला 'पाय' नावाच्या इंग्रजी पदार्थात आणि पुडिंगमध्ये दिसतो, दूध-लोण्यात दिसतो, बूट-मोज्यांत दिसतो, मी रोज जाळते त्या कोळशांतही दिसतो, तर खुशाल शोधा, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं. मे १८८५ च्या पत्रात त्या लिहितात, की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय. आता दुसऱ्या पुरोहितांचं प्रत्येक म्हणणं परात्पराची आज्ञा मानून तसलंच जोखड पुन्हा घेणार नाही. मला विवेक आहे, बुद्धी आहे, माझं मलाच ठरवलं पाहिजे.

शिष्यत्वाचा हा धडा आमच्याकडे शिकवला जात नाही. पाळकसाहेब म्हणाले म्हणून देवाची इच्छा, कमिटीने ठराव केला म्हणून देवाची इच्छा, असा आमचा सोयीचा मामला. बाप्तिस्म्याला दोन वर्षंही झाली नव्हती आणि ही बाई बिशपांना सांगत होती की मधे उभे राहू नका, मला ऐकू द्या. तेही जवळजवळ बहिऱ्या झालेल्या कानांनी.

[दृश्य: लोणावळा, धुकं, झाडीतली वाट]

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात रानडे-भांडारकरांचं सल्लागार मंडळ बाजूला झालं, पालकांनी मुली काढून नेल्या, 'केसरी'ने झोडपलं. तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आपण लोणावळ्याला येऊ.

१८९६ च्या उन्हाळ्यात लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर भरलं होतं. रमाबाई आपल्या मुलींना घेऊन तिथं गेल्या. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या अशा पंधरा मुली त्यांच्याकडे होत्या, आणि त्यांना त्या आपली आध्यात्मिक लेकरं म्हणत. पहाटे झाडीत एकट्या बसून त्यांनी जी प्रार्थना केली, ती पुढे स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलीय. शब्दांचा फुलोरा नाही, गणित आहे. प्रभू, या पंधराचा वर्ग कर.

पंधरा पंधरे दोनशे पंचवीस. खाटा पन्नाससाठ जणींच्या. पैसा अमेरिकेतल्या बॉस्टनच्या मंडळाचा, तोही उच्चवर्णीय विधवांसाठी बांधलेला. कुठल्याही ट्रस्टींनी त्या अंदाजपत्रकावर सही केली नसती.

[दृश्य: भेगाळलेली जमीन; जुनी दुष्काळाची छायाचित्रं]

वर्ष संपता संपता मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या पुण्यात पोचत होत्या. रमाबाई लगेच उठून निघाल्या नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जवळ पैसा नाही, जागा नाही, म्हणून त्या कचरल्या, आणि कचरल्याचं त्यांनी लपवलंही नाही. पण दुष्काळ त्यांना वर्तमानपत्रातून कळायचा नव्हता. आईवडिलांबरोबर रानावनात पाला नि रानफळं खाऊन काढलेले दिवस त्यांच्या अंगात होते. भुकेने बाप गेला, मग आई, मग बहीण. देवाची इच्छा त्यांना इथं उमगली. आकाशवाणी झाली नाही. मी यातून वाचले ते कशासाठी, हा एकच प्रश्न पाठ सोडेना, आणि त्याचं उत्तर देण्याजोगी त्या वेळी पुण्यात दुसरी कोणी नव्हती.

मध्य प्रांतातल्या मदत छावण्या, अन्नछत्रं, रस्त्याकडेची झाडं त्यांनी पालथी घातली. नुसती उपासमार नव्हती; एकट्या पोरींना पळवून नेणारे पुरुष छावण्यांच्या भोवती घिरट्या घालत होते. रमाबाईंनी मुली उचलायला सुरुवात केली. आकडा तीनशेच्या आसपास गेला. पंधराचा वर्ग मागे पडला.

पुण्यात त्याच वेळी प्लेग. नवीन माणसं शहरात ठेवायला परवानगी नाही. मग केडगाव. इथं रमाबाईंनी शारदा सदनच्या उत्पन्नासाठी शंभरेक एकर माळ घेऊन फळबाग लावली होती, विहिरी खणल्या होत्या. त्या बागेच्या कडेला तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. शहराने जागा नाकारली म्हणून मुक्ती केडगावला झाली. देवाची इच्छा म्हणतात ती बऱ्याचदा अशी नगरपालिकेच्या मनाईतून येते, हे आपलं माझं मत.

[दृश्य: पुन्हा ओसरी, मग स्वयंपाकघर, चुलीवरची पातेली]

आता नातं कसं तयार झालं ते बघा. आलेल्या मुली म्हणजे हाडांचे सापळे. डोक्यात उवा, अंगावर फोड, भाषा निराळी. अन्न दिसलं की झडप घालायच्या, लपवून ठेवायच्या. शारदा सदनातल्या जुन्या मुली, त्यांतल्या कितीतरी सोवळ्याओवळ्याच्या घरांतून आलेल्या विधवा, त्यांच्या हाती रमाबाईंनी या नव्या मुली सोपवल्या. ही तुझी. हिला न्हाऊ घाल, हिची जखम धू, हिला अक्षर शिकव, हिच्यासाठी प्रार्थना कर. शारदा सदनात जातीचे नियम पाळायची मोकळीक होती. केडगावच्या चुलीला ती नव्हती. कुणाची मुलगी कुठल्या जातीची हे विचारायला उसंतही नव्हती. एका पातेल्यातलं सगळ्यांनी जेवायचं. सगळ्याच जगल्या असं नाही.

१८९९ मध्ये चर्चचा पाया घातला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्या बायकांसाठी बार्तिमी सदन, फसवल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या नि पंगूंसाठी प्रीती सदन. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरं, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. १९०५ मध्ये इथं जे मोठं आध्यात्मिक जागरण झालं त्याची कीर्ती साता समुद्रापार गेली. त्याबद्दल ऐकायला मिळतं ते बहुतेक सगळं अश्रू आणि आरोळ्यांबद्दल. त्या काळातही तेवढ्या पोरींच्या भाकऱ्या रोज कुणीतरी थापतच होतं.

[दृश्य: शिशाचे खिळे, जुळवणीची फळी, मग जुन्या बायबलचं पान]

हा खिळा बघा. शिशाचा, बोटाच्या पेरापेक्षा लहान, टोकाला उलटा 'ख'. असा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. मराठीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं, म्हणजे खिळ्यांचे कप्पे भिंतभर. हे काम मुक्तीतल्या बायकांनी केलं, ज्यांतल्या कित्येकींना इथं येईपर्यंत अक्षरओळख नव्हती. मजकूर रमाबाईंचा. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं भाषांतर करायला घेतलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. ओळ त्यांनी लिहायची, खिळे मुलींनी लावायचे, मुद्रितं पुन्हा त्यांनी तपासायची. पंधराएक वर्षं हे चाललं.

मनोरमा तोवर मोठी झाली होती. आईचा उजवा हात, शारदा सदनची प्रमुख, आंधळ्यांना ब्रेल शिकवणारी. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात ती वारली. चाळीस वर्षांची होती. रक्ताचं शेवटचं नातं तिच्याबरोबर संपलं. रमाबाईंनी मुद्रितं तपासायचं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबल छापून पुरं झालं ते १९२४ साली, मुलींच्या हातून.

[दृश्य: पत्रांचं पुस्तक, शीर्षकपान]

आणि आजीबाई? पाय-पुडिंगपासून बिशपांपर्यंतच्या भांडणांनंतर दोघींचा पत्रव्यवहार तुटला नाही. मनोरमाच्या शिक्षणाची, तब्येतीची काळजी जेराल्डीन करत राहिल्या. रमाबाईंची पत्रं त्यांनी जपली, संगतवार लावली, मधे आपल्या टिपा घातल्या. मी तुमचं ऐकणार नाही असं सांगणारी पत्रंही त्यात आली. वाँटेजच्या या संग्रहाचं पुस्तक १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने मुंबईत काढलं. मे १८८५ चं ते जोखडाचं पत्र आज आपल्याला वाचता येतं, ते ज्यांच्याशी वाद घातला त्यांनीच ठेवलं म्हणून.