पांढऱ्यावर पांढरं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळींबद्दल, म्हणजे सबटायटल्सबद्दल. उपशीर्षक असा शब्द आहे खरा, पण तो मी अजून एकाही माणसाच्या तोंडून चहा पिताना ऐकलेला नाही. तेव्हा आपण सबटायटलच म्हणू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच कुणी दूध उतू जातंय म्हणून उठलं तरी मुद्दा हातचा जायला नको. रंग कोणताही घ्या, अक्षराला काळी किनार हवी. काळी किनार. हे मला कुणी शिकवलं नाही, तीनदा तोंडावर आपटलो तेव्हा कळलं.

झालं असं. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी पेण-उरणकडच्या मिठागरांवर छोटी फिल्म केली, बावीस मिनिटांची. संवाद सगळे आगरी बोलीत. मुख्य पात्र एक आजोबा. भर दुपार, मागे मिठाचे पांढरेशुभ्र ढीग, खाली खाऱ्या पाण्यात उभे असलेले त्यांचे पाय. आणि ते म्हणतात, "जावयाला मिठाच्या ढिगावर बसवलं तरी तो म्हणणार, आमटी अळणी आहे." हे प्रमाण मराठीत झालं. मूळ आगरीत त्याला जी धार आहे, ती काही माझ्याच्याने खाली लिहिली गेली नाही.

पहिला खेळ विदर्भातल्या एका महाविद्यालयात. आगरी कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून सबटायटल्स. हे वाक्य आलं आणि सभागृहात शांतता. मी मागे उभा राहून हशाची वाट बघतोय, आणि इकडे पंख्यांचा आवाज तेवढा येतोय. मग नीट पाहिलं. मिठाच्या ढिगावर पांढरी अक्षरं! पांढऱ्यावर पांढरं. वाक्य मिठात विरघळून गेलं होतं.

जुन्या फिल्म सोसायटीवाल्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. रिळांच्या काळी ही अक्षरं फिल्मवर कोरत, आधी रसायनांनी आणि पुढे लेझरने. तिथला थर निघाला की प्रोजेक्टरचा उजेड थेट पडद्यावर. म्हणून अक्षर पांढरंच, निवड करायला जागाच नाही. परदेशी चित्रपटात बर्फ पडायला लागला की आमच्या रांगेतले निम्मे लोक शेजाऱ्याला विचारायचे, काय म्हणाला, काय म्हणाला?

आम्हाला मात्र निवड होती. आम्ही रातोरात सगळं पिवळं केलं. झक्क दिसत होतं. दुसरा खेळ सातारकडे, एका वाचनालयाच्या हॉलमध्ये. मिठाचा प्रसंग आला, लोक हसले, माझा जीव भांड्यात पडला. आणि पाचव्या मिनिटाला आली हळद. आता आगरी लग्नातली हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. नवरी पिवळी, करवल्या पिवळ्या, साड्या पिवळ्या, मांडवाचं कापडसुद्धा पिवळं. नवरीची आत्या काहीतरी फार मोलाचं बोलते तिथे, आणि ते सगळं हळदीनं खाल्लं.

त्या कार्यक्रमाचा कापडी फलक गावातल्या एका पेंटरने हाताने रंगवला होता. आयोजकांचं मला फार कौतुक वाटलं, कारण हल्ली फ्लेक्सवर वाढदिवसाचे चेहरे एवढे असतात की सूर्य उगवला तरी दिसत नाही. असो. तर खेळ संपल्यावर ते पेंटर जवळ आले. मला वाटलं, अभिनंदन करतायत. ते म्हणाले, "वाक्यात 'वडील' ऱ्हस्व पडलाय तुमचा." मी ओशाळलो. मग म्हणाले, "आणि आउटलाइन का मारली नाही? आम्ही ट्रकच्या मागं लिहितो तेव्हा खालचा रंग कुठला येईल ते आमच्या हातात असतं का? म्हणून आधी आउटलाइन. आणि जरा वर घ्या हो, पुढच्या माणसाच्या टकलावर वाचत होतो मी."

तरी मी सुधारलो नाही. पिवळं गेलं म्हणून लाल करून पाहिलं! घरी टीव्हीवर लावलं तर लाल अक्षरं पाण्यात शाई पसरावी तशी फुटलेली. कारण असं की डिजिटल चित्रात जागा वाचवायला उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची बहुतेक वेळा चौथा हिस्साच. आपल्या डोळ्याला एरवी ते कळत नाही, पण बारीक लाल रेघेत लगेच कळतं. निळ्याचंही तेच. तेव्हा पांढरा किंवा फिकट पिवळा, आणि पांढरा अगदी धुतलेला नको, किंचित मळका बरा, अंधाऱ्या थिएटरात डोळ्यांना टोचत नाही. भोवती काळी किनार. तिसऱ्यांदा सांगतोय, काळी किनार.

आता फॉन्टचं पटकन सांगतो, वेळ संपत आली आहे. इंग्रजीचे नियम देवनागरीला लावू नका. अक्षरांत अंतर वाढवलंत तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. दोन ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकतो. फार ठळक केलंत तर पोकळ्या बुजतात, मग 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' एकाच चेहऱ्याचे. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात, त्यांचं मध्यम वजन, म्हणजे मध्यम जाडीचं अक्षर, घ्या. लग्नपत्रिकेतली वळणदार अक्षरं पत्रिकेतच राहू द्यात. खरं तर तिथेही मला मुहूर्त कधी धड वाचता आलेला नाही. फाइल युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की पहिली वेलांटी शेजाऱ्याच्या घरी राहायला जाते. आणि एका वेळी दोनच ओळी, 7 सेकंदांच्या वर नाही.

तर आम्ही शेवटी पेंटरचं ऐकलं. पांढरी अक्षरं, काळी किनार, आणि ओळ टकलांच्या वर उचलली. मिठात दिसली, हळदीत दिसली. मग हौसेनं ती फिल्म आजोबांच्या वाडीत दाखवली, मंदिरासमोर चादर बांधून. तिथे सबटायटल्स कुणालाच लागत नव्हती, पण आम्ही काढली नाहीत. हौस! आमटीच्या वाक्याला सगळी वाडी हसली. आजोबा नाही हसले. खेळ संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळं चांगलं केलंस. पण ते लिखाण माझ्या पायांवर कशाला आणून ठेवलंस?"