अंबिलीखाली दबलेला प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळतो. लातूर, उदगीर, अंबाजोगाई, परभणी, इकडचीच माणसं. कुणाचं डीटीपीचं दुकान, कुणी शाळेत कारकून, कुणी ग्रामपंचायतीत ऑपरेटर. पत्रं, तक्ते करायचं 2010 पासूनचं हे फुकटचं सॉफ्टवेअर. अडलं तर आपणच एकमेकांना विचारायचं. म्हणून ग्रुपचा नियम एकच: विचारलेला प्रश्न हरवता कामा नये.

तो कसा हरवतो, ते ऐका. येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. लातूर-धाराशिवकडच्यांना येळवस सांगायला नको. कडब्याची खोप, भज्जी, उंडे, माठातली अंबिल. हल्ली ही भज्जी हॉटेलातही मिळते म्हणे. माझं मत विचाराल तर, शेतात मांडी घालून खाल्ली नाही तर ती नुसती भाजी. असो.

सकाळी दहाला ग्रुपवर भज्जीचा फोटो पडला. त्याखाली दुसऱ्याची अंबिल. मग तिसऱ्याचा हरभरा, हरभऱ्यावरून सोयाबीनचा भाव, भावावरून सरकार. दुपारपर्यंत दोनशेच्या वर मेसेज झाले. त्यात कुठंतरी उदगीरच्या एका पोराचा प्रश्न होता: "सर, 'शेतकऱ्यांचा' नीट येईना. र उडून वर बसायलाय. अर्जंट हाय." चार वाजता त्यानं पुन्हा लिहिलं, "कुणी हाय का?" त्याला उत्तर आलं, नाही असं नाही. एकानं हात जोडलेलं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, येळवशीच्या शुभेच्छा.

संध्याकाळी त्याचा फोन. "सर, फ्लेक्स छापून गेला." चौकात दहा फुटी फ्लेक्स, शेतकरी मेळाव्याचा, आणि 'शेतकऱ्यांचा' मधल्या र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर! पुढाऱ्यानं पैसे दिले नाहीत. ते पोराच्या अंगावर आले. आणि उत्तर किती होतं? इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. पुन्हा सांगतो, लिहून घ्या: शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. एवढंच. (इन्स्क्रिप्ट सगळ्यांनीच शिकावं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं म्हणजे धपाटे काट्या-चमच्यानं खाणं.)

आता, सकाळी दहाचा तो पहिला फोटो कुणाचा होता? माझा. ॲडमिनचाच.

लाजेपोटी मी दुसऱ्या टोकाला गेलो. 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' ही सेटिंग लावली. ग्रुप शांत, पार स्मशान. आठव्या दिवशी परभणीच्या ताईंचा फोन: "काय करायलाव सर? ग्रुप बंद पडला का? मला प्रश्न विचारायचाय." बघा, गप्पा बंद करायला गेलो, तर प्रश्नच बंद झाला. सेटिंग काढली.

मग दुसरा ग्रुप काढला, नाव ठेवलं 'पार'. गावात पारावर बसून जे बोलतो ते तिकडं: पाऊस, भाव, 17 सप्टेंबरचे, मराठवाडा मुक्तिदिनाचे झेंडे, सगळं. 2022 पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज पुसता येतो, पण मी सहसा पुसत नाही. पुसला की माणूस दुखावतो आणि पुढं त्याला उत्तर येत असलं तरी गप्प बसतो. मी त्याला एकट्याला लिहितो, "भाऊ, हे पारावर टाका, तिथं वाचतो." आणि मग खरंच जाऊन वाचतो. ग्रुपवर अडलेला प्रश्न मात्र रात्री झोपण्याआधी पुन्हा वर आणून ठेवतो. प्रश्न हरवता कामा नये.

यंदा येळवशीच्या दिवशी कामाच्या ग्रुपवर लक्ष ठेवायला उदगीरच्या त्याच पोराला सांगितलंय. तो लगेच हो म्हणाला. वर म्हणाला, "सर, तुम्ही तेवढे फोटो तिकडं टाका."