चौकातला वर्ल्ड कप

[दृश्य: शहराच्या मधोमध उभारलेलं छोटं मैदान, चारी बाजूंनी फळ्या, मागे जुन्या इमारती]

निवेदन :

२२ मीटर लांब, १६ मीटर रुंद. एवढंच मैदान. एका बाजूला चौघं: तिघं खेळणारे, एक गोलकीपर. पूर्वार्ध सात मिनिटांचा, उत्तरार्धही सात मिनिटांचा. पाणी प्यायला मध्ये एक मिनिट.

चेंडू बाहेर जात नाही, फळीवर आपटून परत येतो. गोलकीपरने आपला गोल सोडून बाहेर पडायचं नाही आणि बाकीच्यांनी त्याच्या हद्दीत शिरायचं नाही. शिवाय प्रत्येक संघाचा एक खेळाडू कायम समोरच्यांच्या अर्ध्या भागात थांबलेला हवा. म्हणजे हल्ल्याला तिघं आणि अडवायला दोघंच! गोलांचा पाऊस पडणारच. २००७ च्या अंतिम सामन्यात स्कॉटलंडने पोलंडला ९-३ असं हरवलं होतं. एरवीच्या फुटबॉलमध्ये असा निकाल लागला तर प्रशिक्षकाची नोकरी जाते.

हा होमलेस वर्ल्ड कप. बेघरांचा विश्वचषक.

[दृश्य: केपटाऊनचा समुद्रकिनारा, मग रस्त्यावर वर्तमानपत्र विकणारे हात]

गोष्ट सुरू होते २००१ मध्ये, केपटाऊनला. जगभरातल्या ‘स्ट्रीट पेपर’वाल्यांची तिथे परिषद होती. बेघर माणसाने अंक स्वस्तात घ्यायचा, चौकात उभं राहून छापील किमतीला विकायचा आणि मधली रक्कम स्वतःची, असा या पत्रांचा व्यवहार. परिषद संपल्यावर दोघं बिअर घेत गप्पा मारत बसले. एक स्कॉटलंडचा मेल यंग, ‘द बिग इश्यू’ या स्ट्रीट पेपरच्या स्कॉटिश आवृत्तीच्या संस्थापकांपैकी. दुसरा ऑस्ट्रियाचा हाराल्ड श्मीड, ग्राझ शहरातल्या ‘मेगाफोन’ या पत्राचा. संपादक मंडळी विमानाने येतात, चर्चा करतात, परत जातात. पण ज्यांच्यासाठी हे चाललंय ते एकमेकांना कधी भेटणार? आणि भेटले तरी बोलणार कोणत्या भाषेत?

उत्तर निघालं फुटबॉल. रात्रीच्या गप्पांतल्या बहुतेक योजना सकाळपर्यंत टिकत नाहीत. ही टिकली. २००३ च्या जुलैमध्ये ग्राझच्या मुख्य चौकात १८ देशांचे संघ उतरले. अंतिम सामन्यात यजमान ऑस्ट्रियाने इंग्लंडला २-१ ने हरवलं.

[दृश्य: एकापाठोपाठ एक शहरं, प्रत्येक ठिकाणी तेच छोटं मैदान]

आता जागा बघा. एडिनबराला प्रिन्सेस स्ट्रीटची बाग. कोपनहेगनला टाउन हॉलसमोरचा चौक. मेलबर्नला फेडरेशन स्क्वेअर. रिओला थेट कोपाकबाना किनारा. पॅरिसला आयफेल टॉवरच्या पायथ्याचं शाँ द मार्स. मेक्सिको सिटीत सोकालो, म्हणजे राष्ट्रपती भवनासमोरचं भलंमोठं पटांगण.

गावाबाहेरचं स्टेडियम स्वस्तात मिळालं असतं. पण या खेळाडूंना रोजच्या आयुष्यात पोलीस हटकतात, पहारेकरी उठवतात, ते नेमकं अशाच जागांवरून. बाकावर आडवं झालं की काठी वाजते. त्याच जागी आठवडाभर त्यांच्यासाठी गॅलरी बांधली जाते, त्यांचं राष्ट्रगीत वाजतं आणि ऑफिसला निघालेली माणसं थांबून ओरडायला लागतात. मला विचाराल तर या स्पर्धेतला सगळ्यात हुशार निर्णय हाच.

[दृश्य: खेळाडू ओळीने उभे, छातीवर हात]

खेळता कोणाला येतं? वय किमान १६. गेल्या वर्षभरात कधीतरी बेघर असलेला. किंवा स्ट्रीट पेपर विकून पोट भरणारा. किंवा दुसऱ्या देशात आश्रय मागून निकालाची वाट बघणारा. किंवा डोक्यावरचं छप्पर गमावून आता व्यसनमुक्तीच्या उपचारात असलेला. मुलगे-मुली एकाच संघात खेळू शकतात. २००८ पासून महिलांचा वेगळा चषकही आहे.

पहिल्या फेरीत हरलात म्हणून घरी पाठवत नाहीत. (कुठल्या घरी, हा प्रश्न आहेच.) संघांची ताकदीप्रमाणे गटवारी होते आणि प्रत्येक गटाला आपापला चषक असतो. त्यामुळे शेवटच्या दिवशी तळाचा संघसुद्धा कशासाठी तरी झुंजत असतो.

आणि एक नियम सगळ्यांपेक्षा कडक. इथे माणूस आयुष्यात एकदाच खेळतो. दुसऱ्यांदा नाही, मग त्याने कितीही गोल मारलेले असोत.

म्हणूनच मेक्सिकोचं आश्चर्य वाटतं. २०१५, २०१६, २०१८, २०१९, चारही वर्षी पुरुषांचं विजेतेपद मेक्सिकोकडे आणि चारही वेळा संघ कोरा करकरीत. त्यामागे त्यांची देशभर चालणारी बेघरांची फुटबॉल लीग आहे. नवी माणसं तिथून येत राहतात. २००८ च्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानने मेलबर्नला रशियाला ५-४ ने हरवलं होतं. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्याचा इतिहास ठाऊक असलेल्यांनी तो निकाल दोनदा वाचला असेल.

[दृश्य: पावसातलं मैदान, चिखल, अनवाणी पाय]

या नकाशावर आपलं नागपूर आहे. हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या पावसाळ्यात झोपडपट्टीतली काही मुलं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी मुलांना चेंडू दिला, मग स्पर्धा भरवली. अट एकच, खेळाडू झोपडपट्टीतलाच हवा. सर म्हणून ओळख होतीच, आता ‘झोपडपट्टी फुटबॉल’वाले सर झाले. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. निवृत्तीच्या पैशांतून बारसे सरांनी शहराजवळ बोखाऱ्याला जागा घेतली. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चन यांनी रंगवलेले सर बारसेंवरूनच घेतलेले. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कारही मिळाला.

होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचे संघ जाऊ लागले ते स्लम सॉकरमार्फत.

इथे कोणी विचारेल, झोपडपट्टीतली मुलं बेघर कशी? प्रश्न चुकीचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले आणि झोपडपट्ट्यांमधली वस्ती साडेसहा कोटींच्या घरात. सरकारी कागदावर हे दोन वेगळे रकाने. पण ज्या खोलीवर नोटीस कधीही चिकटू शकते आणि बुलडोझर आला की भांडीकुंडी रस्त्यावर येतात, तिथला मुलगा आज या रकान्यात असतो आणि उद्या त्या. मला तरी त्याला मैदानाबाहेर ठेवावंसं वाटत नाही.

[दृश्य: कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, फॉर्म, फोटो]

संघ निवडला की खरी अडचण सुरू होते. पासपोर्टला पत्त्याचा पुरावा लागतो. ज्याला पत्ताच नाही, त्याने कुठला द्यायचा? रेशन कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. पोलीस पडताळणीला शिपाई दारात येणार, पण दार कुठलं? व्हिसाची मुलाखत तर पुढची पायरी. समोरचा अधिकारी विचारतो, तू परत येशील कशावरून? नोकरी, घर, बँकेतली शिल्लक. परतीची हमी म्हणून जग जे काही मागतं, ते नाही म्हणूनच हा मुलगा या संघात आहे.

ही अडचण आपल्यापुरती नाही. २००५ च्या एडिनबरा स्पर्धेच्या वेळी आफ्रिकेतल्या काही संघांना ब्रिटनने व्हिसाच दिला नव्हता.

[दृश्य: सामना, वेगवान]

माध्यमांना इथे हवी असते एकच कहाणी: रस्त्यावरून थेट मोठ्या क्लबात. पोर्तुगालचा बेबे त्यासाठी हमखास पुढे केला जातो. तो बेघर मुलांच्या निवाऱ्यात वाढला, रस्ता-फुटबॉल खेळला आणि २०१० मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी ७० लाख पौंडांहून जास्त मोजले. तिथे त्याला मोजकेच सामने मिळाले, ते सोडा. हा वर्ल्ड कप मात्र तो कधी खेळलाच नाही, त्याआधीच क्लबने उचलला. स्पर्धेतून बहुतेकांच्या वाट्याला येतं ते वेगळं आणि बातमीला न शोभणारं: वेळेवर सरावाला जायची सवय, दारू सोडण्याला एक निमित्त, वर्षानुवर्षं न बोललेल्या बहिणीला केलेला फोन. आठवडाभराच्या फुटबॉलने घर मिळत नाही. आयोजकही तसं म्हणत नाहीत.

करोनामुळे २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं स्पर्धा झाली नाही. २०२३ ला अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोत ती पुन्हा सुरू झाली, २०२४ ला दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये पहिल्यांदा आशियात आली.

[दृश्य: नागपूर, सकाळचा सराव, शिट्टीचा आवाज]

एकदाच खेळायचं, हा नियम फक्त खेळाडूला आहे. शिट्टी घेऊन पंच म्हणून या, स्वयंसेवक म्हणून या, प्रशिक्षक म्हणून या; त्याला मनाई नाही, आणि बरेच जण तसे येतातही. २०१० मध्ये रिओच्या वाळूवर भारताचं नेतृत्व करणारा कर्णधार नागपूरचाच होता. पुढे तो स्लम सॉकरमध्येच मुलांना शिकवू लागला.