मार्क नॉप्फ्लरचा उजवा हात

नमस्कार श्रोतेहो. जुलै 1977. लंडनच्या बीबीसी रेडिओवर चार्ली गिलेट आपल्या कार्यक्रमात एका अनोळखी बँडची टेप लावतात. इस्लिंग्टन भागातल्या पाथवे या छोट्याशा स्टुडिओत 120 पौंडांत ती ध्वनिमुद्रित झालेली. बँडचं नाव डायर स्ट्रेट्स, गाणं 'सुलतान्स ऑफ स्विंग'. गाणारा आणि गिटार वाजवणारा एकच, मार्क नॉप्फ्लर. जन्म ग्लासगोचा, 1949 सालचा. आधी लीड्सला वार्ताहर, मग शिक्षक. त्या प्रसारणानंतर रेकॉर्ड कंपन्या बँडच्या शोधात निघाल्या.

पंक रॉकचा, म्हणजे आरडाओरड्याच्या झपाट्याच्या संगीताचा, तो जोराचा काळ. त्या गदारोळात हा माणूस हळू आवाजात, बोलल्यासारखा गातो. एक ओळ संपली की गिटार तिला उत्तर देते, ख्यालगायकाच्या मागे सारंगी भरते ना, तसं. फरक इतकाच की इथे गवई आणि साथीदार एकच आहे. ओळ कुठे मोडायची आणि श्वास कुठे घ्यायचा, हे त्याच्या हातांना आधीच ठाऊक असतं.

आता हाताकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. नॉप्फ्लर पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, वापरत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्यांनीच तारा छेडतो. अनामिका आणि करंगळी गिटारच्या अंगावर टेकलेली. शिकणारे इथेच चुकतात. टेकू म्हणजे दाबून धरणं नव्हे. करंगळी दाबली की मनगट आखडतं आणि वेग मरतो. दुसरी चूक नखांची. त्याचा सूर बोटाच्या मांसाचा आहे, म्हणून तो गोल येतो; आणि जोर हवा असेल तिथे तो तार चिमटीत उचलून सोडतो, ती गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रेटवर, आपटते आणि 'टप्' असा आवाज निघतो. मूळचा तो डावखुरा, पण गिटार उजव्या हाताची धरतो. त्यामुळे सूर घुमवणारा आणि तार ओढणारा डावा हात हाच त्याचा बळकट हात.

'सुलतान्स'च्या शेवटच्या सोलोतली, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यातली, ती धावती जागा आठवा. पहिल्या, सगळ्यात बारीक तारेवर 13व्या फ्रेटचा सूर छेडायचा, ते बोट ओढून काढलं की 10व्या फ्रेटचा सूर आपोआप बोलतो, लगेच दुसऱ्या तारेवर 10वा फ्रेट. हा झाला डी मायनर कॉर्ड, म्हणजे स्वरांचा गट. दुसऱ्या तारेवरचं बोट 11व्यावर नेलं की बी फ्लॅट. तीन सुरांना छेडायचं दोनदाच, म्हणून ती जागा इतकी हलकी पळते. बोट सरळ वर उचललं तर मधला सूर विझतो. ते तारेच्या कडेला, जमिनीकडे ओढायला हवं. अर्ध्या लयीत बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

1980 सालच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये त्याने नॅशनल कंपनीची धातूची गिटार घेतली. 1985च्या 'ब्रदर्स इन आर्म्स' या अल्बमच्या मुखपृष्ठावर आभाळात तरंगते, तीच ही. सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवा, म्हणजे ओपन जी लागतो, नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजतो; कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, तिसऱ्या फ्रेटवर. कॅपो लावल्यावर तारा पुन्हा तपासा, उतरवलेल्या सैल तारा त्याच्या दाबाने चढतात.

'मनी फॉर नथिंग' या गाण्यातल्या गिटारचा तो नाकातला, खरखरीत आवाज माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओतला. लेस पॉल गिटार, आणि अँपसमोरचे (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीसमोरचे) मायक्रोफोन नीट लागलेले नाहीत, एक तर चक्क जमिनीकडे वळलेला. ध्वनिमुद्रक नील डॉर्फ्समन यांनी ते सरळ करायचं थांबवलं, आणि हे फार शहाणपणाचं झालं. अँपमधून थेट येणारा आणि जमिनीवरून परतणारा आवाज एकत्र आले की काही कंप्रतांवर (ठरावीक उंचीच्या सुरांवर) ते एकमेकांना खातात. उरतो तो मधला, चेपलेला सूर. घरी करून पाहायचं असेल तर मायक्रोफोन बोटभर हलवत जा आणि कानात हेडफोन ठेवा. इंचभराने सगळं बदलतं.

बँड 1995ला कायमचा थांबला. एकट्याची कारकीर्द त्यापेक्षा कितीतरी लांब झाली, आणि मला तरी तिथलं गाणं जास्त मुरलेलं वाटतं. 2000 सालचा 'सेलिंग टू फिलाडेल्फिया' हा अल्बम त्यासाठी ऐकावा.

मार्च 2003मध्ये लंडनला मोटरसायकल अपघातात त्याचं खांद्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या. कित्येक महिने गिटार उचलता आली नाही. पुढच्या वर्षी 'शांग्री-ला' हा नवा अल्बम आला, आणि 2005च्या मार्चमध्ये मुंबईकरांनी ती बोटं तारांवर प्रत्यक्ष चालताना पाहिली.