पट्टीचा हिशेब

(तालुक्याच्या वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, सुरुवातीला एक वस्तू दाखवतो. मागच्या रांगांना दिसणार नाही, क्षमा करा. आगपेटीतल्या काडीएवढी लांब, तिच्याहून थोडी रुंद. हिच्या टोकाला रक्ताचा थेंब टेकवला की मीटरवर पाच सेकंदांत रक्तातल्या साखरेचा आकडा येतो. बाजारात ही एक पट्टी दहा रुपयांपासून वीस-पंचवीसपर्यंत पडते. संयोजकांनी पत्रिकेवर ‘मधुमेह आणि सार्वजनिक आरोग्य’ असं भारदस्त नाव छापलंय, ते राहू द्या. मी बोलणार आहे ते या पट्टीबद्दल.

मी शिकत होतो तेव्हा आमच्या वॉर्डात ही नव्हती. बेनेडिक्टचं निळं द्रावण होतं. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फारच झालं तर विटकरी. रंग सुरेख यायचे, पण खबर शिळी असायची. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, आणि उतरते तीही मागच्या काही तासांची. उलट साखर पन्नासवर घसरून रोगी घामाघूम झाला, बरळायला लागला, तरी नळी आपली निळीच. इन्शुलिन घेणाऱ्याचा जीव जातो तो अशा वेळी, आणि नेमकी तीच वेळ या परीक्षेला दिसायची नाही.

पुढे रंग बदलणाऱ्या रक्ताच्या पट्ट्या आल्या. डब्यावरच्या रंगांशी डोळ्यांनी ताडून बघायचं. महाग होत्या, म्हणून आम्ही त्या ब्लेडनं उभ्या चिरायचो, एकीच्या दोन. चालायचं. आताची पट्टी चिरता येत नाही, तिच्या आत विजेच्या बारीक रेषा असतात. विज्ञान पुढे गेलं आणि गरिबाचं ब्लेड बंद पडलं.

मीटरची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात आजचं दुखणं आहे. रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर होते. बाराव्या वर्षापासून मधुमेह. १९६९ च्या सुमाराला त्यांनी दवाखान्यांसाठीच्या एका यंत्राची जाहिरात पाहिली. रात्री आणलेला बेशुद्ध माणूस दारू प्यायलाय की त्याची साखर बिघडलीय, हे लवकर ओळखण्यासाठीचं ते यंत्र, किलोभर वजनाचं. यांनी मागवायला घेतलं, तर कळलं की डॉक्टर असल्याशिवाय मिळणार नाही. बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर घेतलं. स्वतःची साखर दिवसातून कितीतरी वेळा मोजून त्यांनी स्वतःची तब्येत सुधारली. पण इंजिनिअरचं सांगणं वैद्यकीय जगात ऐकेना कुणी, तेव्हा हा गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकलला गेला! रोग रोग्याच्या अंगात, आणि तो मोजायचा हक्क दुसऱ्याकडे, अशी तेव्हाची स्थिती. हक्क पुढे मिळाला. पैशाचं काय, ते बघू.

१९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. टाइप वनच्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही अशा रुग्णांनी रोज चार-चार वेळा साखर मोजून इन्शुलिन कमीजास्त केलं, तर डोळ्यांचा पडदा बिघडायला लागण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, हे त्यातून दिसलं. तेव्हापासून मोजणं हा उपचाराचाच भाग झाला. इन्शुलिन दिलं आणि पट्टी दिली नाही, तर गाडी दिली आणि काच काळी रंगवून दिली.

आता एक मुलगी. नाव सांगणार नाही. नऊ वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा माझ्या ओपीडीत आली. टाइप वन. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की कोयता उचलायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या मागं कोपीवर राहायचं. इन्शुलिन गार राहावं म्हणून माउलीनं मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडकं बसवलं होतं, त्यात कुपी. ओळीत दहा कोप्या, पण मडक्यात मडकं हिच्याच दारात. लाल टोपणाची सिरिंज, चाळीस युनिटची कुपी, डोस कसा ओढायचा, सगळं ती अचूक करायची. मी नर्सेसच्या प्रशिक्षणात तिला उभं करायला हवं होतं.

मी त्या आईला एक वही दिली होती. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना, असे चार रकाने. दोन महिन्यांनी ती वही घेऊन आली. ११०, १२०, १३०, १२०. पानंच्या पानं. मी खूश! मुलीचं वजन मात्र दीड किलोनं उतरलेलं. म्हणून मग वही पुन्हा हातात घेतली आणि तेव्हा लक्षात आलं की सगळे आकडे एकाच शाईत, एकाच दाबानं लिहिलेले आहेत. दोन महिन्यांत एकदाही पेन बदललं नाही, एकही आकडा खोडला नाही, एकाही पानावर हाताचा डाग नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, ती आली साडेअकरा. नऊच्या वरच ती धोक्याची.

मी जरा आवाज चढवला. आज त्याची लाज वाटते. आई खाली बघत म्हणाली, “सायेब, पट्ट्या दिवाळीतच सरल्या. तुमी वही बघता म्हून रातीच बसून लिवली.”

करा हिशेब. दिवसाला चार पट्ट्या, म्हणजे पन्नासचा डबा बारा दिवसांत खलास. डब्याला पाचशे ते हजार. महिन्याला बाराशे ते अडीच हजार झाले, सुया वेगळ्या. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेल्या घरात हे कुठून आणायचं? तिनं माझी फसवणूक केली नव्हती. मी मागितलेली गोष्ट तिच्याकडे नव्हती, आणि रिकाम्या हातानं डॉक्टरसमोर येणं बरं दिसत नाही म्हणून तिनं मला आकडे दिले.

तुम्ही म्हणाल, सरकारच्या एवढ्या योजना आहेत. आहेत, आणि मी त्यांची टिंगल करणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे, त्यानं फरक पडला. आशाताई घरोघर फिरून तिशीच्या पुढच्यांचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे अशा आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, भरतात, मग नर्सताई बोट टोचून साखर बघतात. पण ‘तिशीच्या पुढच्यांचा’ हे शब्द लक्षात ठेवा. नऊ वर्षांच्या पोरीला तो फॉर्मच लागू नाही. आणि बघतात ती रोग शोधायला. सापडल्यावर रोज घरी कुणी मोजायचं आणि कशानं, यासाठी रकाना नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. २०१८ साली आयुष्मान भारत आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आपली महात्मा फुले योजना त्याच्या आधीपासून आहे. दोन्ही मुख्यतः दाखल झालेल्या रोग्यासाठी. ही मुलगी साखर वाढून, रक्त आम्लधर्मी होऊन बेशुद्ध पडली, तर आयुष्मानच्या यादीत त्याचं पॅकेज आहे. खाट, सलाईन, तपासण्या, सगळं. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधंही धरलेली. सोळाव्या दिवशी पुन्हा वही आणि रिकामा डबा. पडलेल्याला उचलायला पाच लाख आहेत, पडू नये म्हणून धरायची काठी त्या यादीत नाही.

पैसा एकूणच किती? सरकारच्याच लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या उत्पन्नातला १.८४ टक्के पैसा सरकारांनी मिळून आरोग्यावर खर्च केला. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं वचन होतं. आणि देशात आरोग्यावर होणाऱ्या सगळ्या खर्चातले शंभरातले ३९ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. ते ३९ जातात कुठे? मोठ्या ऑपरेशनांना जातात हे आपल्याला दिसतं. पण पट्टी, गोळी, सुई असे दहा-वीस रुपये रोज गळत असतात. त्यांची बातमी होत नाही आणि त्यांच्यासाठी कुणी वर्गणीही काढत नाही.

किमतींबाबत दोन बरी पावलं पडली. जुलै २०२१ मध्ये पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला सत्तर टक्क्यांची मर्यादा घातली गेली, त्यात ग्लुकोमीटर होता. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. हजाराच्या डब्यामागे साठेक रुपये. ठीक आहे. पण मीटर हा प्रश्न कधीच नव्हता. मीटर तर औषधाच्या दुकानात पट्ट्यांच्या डब्यावर फुकट मिळतो, शिबिरात वाटतात, पुढारी वाढदिवसाला वाटतात. म्हैस फुकट दिली हो, वैरणीचं काय?

आणि वैरण तरी तिला चालणारी हवी. मी ज्या सरकारी केंद्रात काही वर्षं जात होतो तिथली गोष्ट. मागणीपत्र गेलं, मीटर आले, छान. सोबतच्या पट्ट्या चार महिन्यांत संपल्या. पुन्हा मागणी केली, तोवर दरकरार बदललेला. पट्ट्या आल्या त्या दुसऱ्याच कंपनीच्या. एका कंपनीची पट्टी दुसरीच्या मीटरला चालत नाही, खाच वेगळी, रसायनाची जुळणी वेगळी. कपाटात एका फळीवर मीटर, खालच्या फळीवर पट्ट्या, आणि दोघांची भेट नाही. भांडारपालाची नोंद मात्र चोख: दोन्ही ‘शिल्लक’. वर अहवाल गेला की साठा पुरेसा आहे. शेवटी पट्ट्यांची मुदत संपली. यात चोरी कुणीच केली नाही, हेच मला जास्त लागतं. खरेदी करताना मीटर आणि पट्टी ही एकच वस्तू आहे, पट्ट्यांच्या करारासोबत मीटर आलाच पाहिजे, एवढं एक वाक्य निविदेत घालायला पैसे लागत नाहीत.

आता एक अप्रिय गोष्ट बोलतो. समोर बसलेल्यांपैकी निम्मे जण रागावतील. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही निघाले. आपल्या शेजारच्या गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के. या सगळ्यांना रोज पट्टी द्यायची म्हटलं तर तिजोरी आटेल. आणि द्यायची गरजही नाही. ज्याचा टाइप टू, म्हणजे बहुधा मोठेपणी होणारा नेहमीचा मधुमेह आहे, जो साध्या गोळ्यांवर आहे, ज्याची साखर एकदम खाली जायची भीती नाही, त्यानं रोज सकाळी बोट टोचून फारसा फायदा होत नाही. त्याला तीन महिन्यांची तपासणी, रक्तदाब, पायांची आणि डोळ्यांची तपासणी वेळेवर मिळाली तर जास्त भलं. सकाळी १३२ आणि काल १२८ होती, म्हणून दिवसभर तोंड पाडून बसणारे सद्‌गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यातले दोन या सभागृहात आहेत. (हशा)

म्हणजे रांग लावायची असेल तर पुढे कोण, हे ठरवावं लागेल. मुलं आणि टाइप वन, सगळे. गरोदरपणात साखर वाढलेल्या बायका. मग इन्शुलिन घेणारे बाकीचे. ही संख्या दहा कोटींच्या पुढ्यात लहान आहे आणि यांच्यासाठी पट्टी हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. सगळ्यांना द्या म्हणणं सोपं असतं, आणि सरकारला ते नाकारणंही सोपं जातं.

हे जमतं का? केरळनं मुलांपुरतं जमवलंय. तिथल्या योजनेचं नाव मिठ्ठायी, म्हणजे मुलांची गोळी-चॉकलेट. साखरेच्या आजाराला हे नाव देणाऱ्याला माझा नमस्कार! टाइप वनच्या मुलांना त्यातून इन्शुलिनचं पेन आणि मोजायची साधनं, काहींना दंडावर लावायचा सेन्सरही मिळतो.

सेन्सर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, मोठ्या नाण्याएवढा. चौदा दिवस दंडावर राहतो, साखर सतत कळते. एक सेन्सर साधारण पाच हजारांना, आणि महिन्याला दोन लागतात. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१७ पासून तो सरकारी चिठ्ठीवर मिळण्याच्या यादीत आला, पण द्यायचा की नाही हे त्या-त्या भागातल्या आरोग्य मंडळावर सोडलेलं. रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्याला मिळे, पलीकडच्याला नाही. त्या वेळच्या पंतप्रधान थेरेसा मे स्वतः टाइप वनच्या, त्यांच्या दंडावरचा सेन्सर फोटोत दिसे. ओरड झाली, २०१९ मध्ये देशभर एक नियम आला, आणि मार्च २०२२ च्या मार्गदर्शनानं टाइप वनच्या सगळ्या प्रौढांना तो द्यावा असं ठरलं. जवळजवळ साडेचार वर्षं लागली. मात्र तोवर तिथे कुणाचं मोजणं थांबलं नव्हतं. साधी पट्टी इन्शुलिनवाल्याला चिठ्ठीवर आधीपासूनच फुकट होती. आपल्याकडे परिषदा भरतात त्या सेन्सरवर, आणि पट्टीवर बोलायला वाचनालयाचं सभागृह मिळतं. तक्रार नाही, चहा चांगला असतो इथला.

माझं बोलणं संपलं. प्रश्न घेऊ या.

(पहिल्या रांगेतल्या एका वयस्क श्रोत्यांनी विचारलं, “डॉक्टर, मी गोळ्यांवर आहे, आठवड्यातून एकदा बघतो. मुलानं पन्नासचा डबा आणलाय. उघडल्यावर किती दिवस टिकतो?”)

डब्यावर लिहिलेलं असतं, काका. पुष्कळांचं उघडल्यापासून तीन महिने. फोडाल त्या दिवशी झाकणावर तारीख लिहा. फ्रिजमध्ये ठेवू नका आणि झाकण लगेच घट्ट लावा, दमट हवेनं आकडा चुकतो.

(“म्हणजे माझ्या बारा-तेरा वापरून होतील. उरलेल्या फेकायच्या? त्या तुमच्या मुलीला चालतील का?”)

चालतील. आजच बारा-तेरा काढून घ्या नि बाकी द्या, असं मात्र करू नका, डब्यातून काढून पुडीत बांधल्या की त्या गेल्या. डबा फोडलेला नसेल तर तसाच आणा. आणि आणण्याआधी कंपनीचं नाव मला फोनवर सांगा. तिच्याकडे आता मीटर कुठला आहे, ते मला तिच्या आईला विचारावं लागेल.